अहल्येचा डावा खांदा

४ फेब्रुवारी

प्रिय शाई,

प्रदर्शनाची पुस्तिका काल पोचली. पोस्टमनने ती पेटीच्या फटीतून कोंबल्यामुळे एक कोपरा दुमडलाय, पण आतली चित्रं शाबूत आहेत. कागद छान, छपाई छान. तुझा फोटोही छान, फक्त तो मफलर गुंडाळायला कुणी सांगितलं? मागे पंखा फिरताना दिसतोय आणि बाईंच्या गळ्यात मफलर! असो. मोठी झालीस आता, तुला कोण बोलणार.

पुस्तिका मी लगेच उघडली नाही. आधी भाजी चिरून ठेवली, ह्यांना चहा दिला, हात धुतले, चष्मा पुसला आणि मग टेबलाशी बसले. तुझं काही आलं की मी अशीच बसते, वर्गाच्या वह्या तपासायला बसल्यासारखी. नोकरी संपून चार वर्षं झाली तरी चित्रकलेच्या बाईंची सवय जात नाही.

पहिली अकरा चित्रं म्हणजे माझ्या ओळखीच्याच बायका. मेनका, अंबा, दमयंती, सगळ्याजणी. तुझ्या मेनकेची कंबर माझी, अंबेचे खांदे माझे, आणि दमयंतीच्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब का, हे जगात आपल्या दोघींनाच ठाऊक. लोक म्हणतात, या चित्रकार बाईंनी पुराणातल्या प्रत्येक स्त्रीत स्वतःला रंगवलंय. म्हणू देत बापडे. तोंड तुझं असतं म्हणून त्यांना तसं वाटतं. मानेखालचं सगळं माझं आहे हे त्यांना कोण सांगणार? मी नाही सांगितलं चाळीस वर्षांत. तुझ्या प्रदर्शनात मी पर्स छातीशी धरून उभी राहते, शेजारचे लोक "काय पाठ आहे!" म्हणतात आणि मी घसा खाकरून पुढच्या चित्राकडे जाते. एवढंच माझं सुख.

आठवतं ना, कलाशाळेत मुलींना मॉडेलच्या वर्गाला बसू देत नसत. म्हणून रविवारी दुपारी सिस्टरना डुलकी लागली की आपण वसतिगृहाच्या ट्रंका ठेवायच्या खोलीत शिरायचो, दाराला तुझी सगळ्यात जड ट्रंक लावायचो आणि एकमेकींना काढायचो. माझ्या तू सात वह्या भरल्यास. त्या सात वह्यांवर तुझ्या सगळ्या बायका उभ्या आहेत. "मला दुसरी कुणी लागणारच नाही, काडी," असं म्हणाली होतीस. मी नाही विसरले.

मग आलं बाविसावं पान. अहल्या.

शाई, ही बाई कोण?

पाठमोरी आहे, जमिनीवरून उठते आहे. उजवा हात खाली टेकलेला, डावा गुडघ्यावर. पांढरे केस मानेवर कसेतरी गुंडाळलेले, कमरेला दोन वळ्या. मागे वळून बघणारं तोंड नेहमीप्रमाणे तुझं, पण खालची बाई परकी आहे. माझ्या सात वह्यांत ती कुठेच नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चित्र चांगलं झालंय. बाकीच्या अकराजणी तू सुंदर काढल्या आहेस. हिच्याकडे तू नीट पाहिलं आहेस. हे मला बघताक्षणी कळलं.

राग नाही हं. नुसतं विचारतेय. कुठे भेटली?

तुझी
काडी (आता नावापुरतीच)


११ फेब्रुवारी

लाडके काडे,

तुझं पत्र वाचून इतकी हसले की खालच्या मजल्यावरचा शिंपी जिन्यापर्यंत येऊन बघून गेला. बासष्टाव्या वर्षी एका बाईला दुसऱ्या बाईच्या पाठीचा हेवा वाटावा! आणि वर "राग नाही हं." तुझा तो "हं" मी आठव्या वर्षापासून ओळखते. त्या "हं"नंतर तू माझ्याशी तीन दिवस बोलायची नाहीस.

मफलर गॅलरीवाल्याने घातला. म्हणे मान फार दिसते. आयुष्यभर बायकांच्या उघड्या माना रंगवल्या आणि माझीच मान त्याला चालेना.

आता अहल्येबद्दल. तू मला सांग, आजवर जेवढ्या अहल्या आपण पाहिल्या त्या सगळ्या शाप सुटताच कशा उठतात? जणू दुपारची वामकुक्षी आटोपून. गाल गुलाबी, केस जागच्या जागी. अगं, इतकी वर्षं शिळा होऊन ऊनपावसात पडलेली बाई उठली, तर तिचे गुडघे नाही का धरायचे? पाठ आखडणार नाही? आधी एक हात टेकेल, मग दम घेईल, मग मनात दोन शिव्या देईल, मग उठेल. हे डोक्यात आलं आणि मी तुझ्या वह्या उघडल्या. सातही चाळल्या. त्या वह्यांमधली पोरगी अशी उठूच शकत नाही, काडे. ती टुणकन उडी मारून उठते. तिचा काही उपयोग नव्हता.

म्हणून ही बाई. आहे एक. नऊ दिवस मला रोज बघायला मिळाली. नाव विचारू नकोस, तिला आवडायचं नाही. बोलायला तुझ्याइतकीच फटकळ, पण तुझ्यापेक्षा बरी, कारण तिला बघितलेलं कळत नाही. तू कशी, पेन्सिल उचलली की पोट आत घ्यायचीस!

स्वयंपाकघरातलं टेबल मी आता रंगांसाठी घेतलंय आणि उभ्याउभ्या जेवते. शिंपी म्हणतो, घोडे असे जेवतात. उद्घाटन २८ मार्चला आहे. ह्यावेळी भावजींना घेऊन ये. दरवेळी एकटी येतेस आणि चोरासारखी निघून जातेस.

शाई


१५ फेब्रुवारी

प्रिय शाई,

हसलीस ते बरं झालं. तुझ्या शिंप्यालाही माझा नमस्कार सांग.

तू लिहितेस, "तिचा काही उपयोग नव्हता." चाळीस वर्षं उपयोग होता आणि आता नाही. ठीक आहे. शाळेत जुने फळे काढून नवे बसवले तेव्हाही मला असंच वाटलं होतं, आणि नवे फळे खरोखरच चांगले निघाले. मी समजूतदार बाई आहे.

पण मला एक सांगायचंच आहे. तुला म्हातारी बाई हवी होती, तर मी म्हातारी नाही का? मला विचारलंस? एक पत्र टाकायचंस. मी आले असते. नसतेही आले कदाचित, ऑपरेशनपासून माझं कसं झालंय तुला ठाऊक आहे. पण "नाही" म्हणायची संधी तरी माझी होती. ती तू कुणा परकीला दिलीस.

गुरुवारी हे बाजारात गेले तेव्हा मी कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले. गाऊन घालूनच, पुरता. चटईवर बसले आणि तुझ्या त्या बाईसारखं उठायचा प्रयत्न केला. जमलंच नाही. आरशात बघत उठायला गेलं की माणूस नाटकातल्यासारखं उठतं. तेवढ्यात हे पिशवी घेऊन परत आले. "काय हरवलं?" म्हणाले. मी म्हटलं, "कानातलं." मग बिचारे वाकून अर्धा तास पलंगाखाली कानातलं शोधत होते, आणि ते माझ्या कानात होतं.

बरं, आता कामाचं. तुझ्या चित्रावर मी ट्रेसिंग पेपर ठेवून चुका दाखवल्या आहेत, तो कागद सोबत पाठवतेय. नाराज होऊ नकोस. डावा खांदा बघ. उजव्यापेक्षा दोन बोटं खाली पडलाय आणि पुढे ओघळलाय. डावा दंडही पाठीपासून नीट सुटत नाही, कुणी शिवून टाकल्यासारखा वाटतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हे चूक आहे. डावा हात गुडघ्यावर रेटला की डावा खांदा वर जायला हवा. मी लाल पेन्सिलने बरोबर रेघ काढली आहे. कलाशाळेतही तुझे खांदे असेच चुकायचे आणि सरांकडे जायच्या आधी मी ते नीट करून द्यायचे. दुसऱ्या बाईवर जीव जडला की हात घसरतो, असं दिसतंय. दहापैकी सहा गुण.

तसं ऑपरेशनच्या वेळी तू नऊ दिवस येऊन राहिलीस, मला न्हाऊमाखू घातलंस, ते मी विसरलेले नाही. मुलगा लांब, आणि ह्यांना मी जवळ येऊ देत नव्हते. तू नसतीस तर माझं काय झालं असतं देव जाणे. म्हणूनच हे जास्त लागतं. नऊ दिवस माझ्याकडे राहिलीस तेव्हा तुझ्या हातात एकदाही वही दिसली नाही. मला वाटलं, आता माझ्यात काढण्यासारखं काही उरलं नाही म्हणून तू भलेपणाने गप्प आहेस. आणि तिकडे घरी जाऊन दुसरीच्या वळ्या काढत बसलीस.

तिचे केस बाकी छान काढले आहेस.

काडी


२१ फेब्रुवारी

काडे,

तुझा लाल रेघेचा कागद मिळाला. समोर ठेवून दोन दिवस बसले आहे. या खेपेला हसू आलं नाही.

तो खांदा बरोबर आहे. आयुष्यात एकदाच मी खांदा बरोबर काढलाय आणि नेमका तोच तू चूक दिलास.

बाकीचं मी पत्रात लिहिणार नाही. मला धीर होत नाही. २८ मार्चला ये, चित्रासमोर उभी राहा, तिथे सांगते. तोवर माझ्याबद्दल वाईटसाईट विचार केलेस तरी चालतील, बहुतेक खरेच असतील.

शाई


९ मार्च

शाई,

"प्रिय" लिहिलं होतं, खोडलं.

तुला धीर होत नव्हता ना? ते काम ह्यांनी करून टाकलं. तुला माहीत आहे, ह्यांची सगळी नोकरी नकाशे काढण्यात गेली. कुठलाही छापील कागद दिसला की भिंग घेऊन बसतात. रविवारी पुस्तिका टेबलावर होती. मी पलीकडे इस्त्री करत होते.

"अगं, हे कधी काढलं तिने?"

"काय?"

"हे तुझं."

"माझं कुठलं? ती कुणी दुसरी बाई आहे. तिला बरी नवीन मिळाली आहे."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. मी नाही ती."

"तू स्वतःची पाठ कधी बघितलीस?" म्हणाले. "सकाळी चटईवरचे व्यायाम झाले की अशीच उठतेस. डाव्या हातावर भार देत नाहीस. आणि हा मणक्याजवळचा तीळ. हा तर मी..."

मग भिंग खाली ठेवलं. मी इस्त्री उभी केली, नाहीतर चादर जळाली असती.

माझ्या पाठीवर तीळ आहे हे मला बासष्ट वर्षं माहीत नव्हतं, शाई. मी न्हाणीघरात जाऊन हातातला आरसा मागे धरला आणि भिंतीवरच्या आरशात बघितलं. आहे. मिरीएवढा. आणि डावा खांदा दोन बोटं खाली पडलेला, पुढे ओघळलेला, दंड पाठीला शिवल्यासारखा. ज्याच्यावर मी लाल रेघ मारून तुला दहापैकी सहा दिले, तो खांदा माझ्याच अंगावर होता. चाळीस वर्षं मी तुझ्या चित्रांतली ती वीस वर्षांची पोरगी बघत आले आणि मला वाटत राहिलं की मी तीच. महिनाभर मी माझ्याच पाठीवर जळत होते. यापेक्षा मोठी फजिती बाईची व्हायची नाही. हसायचं असेल तर हस, शिंप्यालाही वर बोलाव.

पण मला त्याबद्दल लिहायचं नाही. बाहेर आले तेव्हा हे खिडकीशी उभे होते. म्हणाले, "तिला दिसलं, होय?" एवढंच. मग कुंड्यांना पाणी घालायला गेले. पाणी सकाळीच घालून झालं होतं.

ऑपरेशनमध्ये छातीची डावी बाजू सपाट झाल्यापासून दोन वर्षं मी ह्यांच्यासमोर कपडे बदलले नाहीत. न्हाणीघरात जाते, कडी लावते, सगळं आवरून बाहेर येते. एका शब्दाने त्यांनी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, त्यांना बघायचंच नसेल, बरं झालं. आणि आता ते उघडंवाघडं तू भिंतीवर लावणार, सगळं गाव रांग लावून बघणार, आणि ज्या माणसाला मी कडीच्या पलीकडे ठेवलं तो पुस्तिकेत भिंग लावून बघणार. ह्यांना तुझा हेवा वाटला, शाई. मी त्यांच्या चेहऱ्यावर बघितला. मला तो चेहरा चांगला ओळखता येतो, महिनाभर माझाही तसाच होता.

ट्रंकांच्या खोलीतसुद्धा तू दर वेळी विचारायचीस, "काढू का?" आणि मी "काढ" म्हणेपर्यंत पेन्सिल टेकवायची नाहीस. या वेळी का नाही विचारलंस? मी साबणाचा फेस डोळ्यांत जाऊ नये म्हणून डोळे मिटून बसले होते, आणि तू बघत होतीस.

रात्री जेवताना हे आणखी एक म्हणाले. "बाकी सगळं तुझं, मग तोंड तिचं कशाला?" मी त्यांना आणखी एक पोळी वाढली.

चित्र उतरव. अहल्या नको, अकराच राहू देत.

काडी


१२ मार्च

काडे,

चित्र उतरवलं. गॅलरीवाला आरडाओरडा करतोय की पुस्तिका छापून गेली, निमंत्रणावरही तेच चित्र आहे, आता भिंत रिकामी ठेवू का? मी म्हटलं, ठेव. चित्र परत माझ्या खोलीत आणलंय आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. तू "फाड" म्हणालीस तर फाडेन. त्यासाठी तुला इथे यायचीही गरज नाही, एक कार्ड टाक.

का नाही विचारलं ते सांगते. विचारलं असतं तर तू "नको" म्हणाली असतीस, आणि मग मला ते काढता आलं नसतं. बस्स, इतकं साधं आहे. पहिल्या दिवशी तू स्टुलावरून उठलीस, उजवा हात टेकून, दात आवळून, आणि मला म्हणालीस, "बघत काय बसलीस, टॉवेल दे." मी टॉवेल दिला. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात अहल्या उठली. पुढचे आठ दिवस मी तुझ्या पाठीला साबण लावत होते आणि पाठ करत होते. वही काढली नाही, कारण वही काढली असती तर तू पोट आत घेतलं असतंस. घरी पोचले त्या दिवशी कपडेही न बदलता सगळं कागदावर उतरवलं. मी तुझी सेवा केली असं तू सगळ्यांना सांगतेस. मी सेवाही केली आणि चोरीही केली, एकाच हाताने.

तोंडाचं मात्र तू विसरलीस. तोंड नको ही अट तुझी होती. "बाबांनी बघितलं तर मला घरी घेऊन जातील," म्हणून तू ट्रंकेवर बसून रडली होतीस, तेव्हा मी आरशात बघून माझं तोंड लावलं. पण पुढे बाबा गेले, तुझं लग्न झालं, भावजींसारखा माणूस मिळाला, तेव्हा मी तुला कधी विचारलं नाही की आता लावू का तुझं. विचारायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. मी शाळेपासून जाडी. तू काडी. लोक म्हणायचे, चित्रकार बाईंनी स्वतःला रंगवलंय, आणि मी मान हलवायची. चाळीस वर्षं मी तुझं अंग घालून मिरवले.

आणि आता एक असं सांगते जे तू मला माफ करू नयेस. तुझी रेघ माझ्यापेक्षा चांगली होती. सरांना माहीत होतं, सिस्टरना माहीत होतं, मला तर सगळ्यात जास्त माहीत होतं. तू लग्नानंतर कोळसा बाजूला ठेवलास आणि शाळेत सफरचंदं शिकवायला लागलीस, तेव्हा मी तुला आठ पानांचं पत्र लिहिलं की हा केवढा अन्याय आहे. ते पत्र तू जपून ठेवलंयस म्हणे. फाडून टाक. ते लिहिताना मला इतकं हायसं वाटत होतं की पुढे चार दिवस मी शिट्टी वाजवत हिंडत होते. तुझा लाल रेघेचा कागद आला तेव्हा दोन दिवस मी रागावले होते असं तुला वाटलं असेल. मी त्या रेघेकडे बघत होते. चुकीच्या जागी काढलेली, पण काय रेघ होती! इतकी वर्षं फळ्यावर सफरचंदं काढूनही तुझा हात बिघडला नाही, मेले. मी जळले.

काल सकाळी मी अहल्येचं तोंड काढून टाकलं. रंग वाळला होता, म्हणून सुरीने खरवडावं लागलं. स्वतःचं नाक खरवडताना फार मजा आली. आता तिथे नुसतं कापड आहे. बाकी तू म्हणशील तसं.

भावजींना सांग, माझं चुकलं. नको, सांगू नकोस. मी भेटले की सांगेन.

शाई


१८ मार्च

प्रिय शाई,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. मी ते ह्यांना वाचायला दिलं. तुझं पत्र मी ह्यांना आजवर कधी दिलं नव्हतं. त्यांनी सगळं वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "शिट्टी वाजवत? ती?" आणि कितीतरी वेळ हसत बसले.

मी नाही हसले. आठ पानांचं ते पत्र फाडलं. अडतीस वर्षं ते माझ्या कपाटात लोकरीच्या कपड्यांत ठेवलेलं होतं आणि शाळेत एखादा दिवस फारच रटाळ गेला की मी ते काढून वाचायची. तू माझ्यासाठी रडलीस म्हणून मला बरं वाटायचं. आता तू शिट्टी वाजवत होतीस हे कळल्यावर जास्त बरं वाटतंय. हे कसं काय ते मला विचारू नकोस. कुणीतरी आपल्या रेघेवर जळत होतं, हे बाईला साठीनंतर कळू नये. फार उशीर होतो.

सोमवारी मी न्हाणीघराची कडी लावली नाही. दार नुसतं लोटलं. बराच वेळ काहीच झालं नाही. पाणी निवायला लागलं, मला वाटलं पेपर वाचत बसले असतील. मग बाहेरून आवाज आला, "येऊ का?" चाळीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा विचारून आत आले. मी पाठ करूनच बसले होते. पाठ तर त्यांनी आधीच ओळखली होती. मग वळले.

पुढचं तुला लिहिणार नाही. ते तुझ्या चित्रात यायचं नाही.

आता चित्राबद्दल. फाडू नकोस. भिंतीवरही लाव, गॅलरीवाल्याचा जीव भांड्यात पडू दे. त्या बाईला उठायला इतके कष्ट पडले आहेत, तिला पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसवणं बरं दिसत नाही. सही तुझीच. चित्र तुझं आहे, हे मला मान्य करायला आठवडा लागला, पण आहे. मी ते तसं काढू शकले नसते. मी खांदा नीट करून टाकला असता.

तोंड मात्र मी काढणार.

तू नाही, मी. माझ्या हाताने. पंचवीस तारखेला आम्ही दोघं येतोय, सकाळी दहापर्यंत तुझ्या दारात. बारीक कोळसा काढून ठेव, आणि तुझा तो जुना कुंचला, ज्याला तू मला कधी हात लावू द्यायची नाहीस. तोंड कसं होईल ते मला माहीत नाही. सुंदर होणार नाही. चित्राशी जुळेलच असंही नाही, लोक म्हणतील हे डोकं कुठलं. म्हणू देत. नंतर तू त्यावर एक ठिपकाही ठेवायचा नाहीस, उजेड पडावा म्हणून गालावर पांढरा नाही, काही नाही. कबूल असेल तरच येते.

ह्यांना मी आत घेणार आहे. ते गप्प बसतात, आणि बघायचा हक्क आता त्यांनाही आहे.

तू बाहेर थांबायचंस. जिन्यात बस, शिंप्याकडे बस, कुठेही, पण दाराच्या या बाजूला नाही. फटीतून बघायचं नाही. आत आता कोळसा टेकला असेल, आता डोळे काढत असेल, बरे जमले असतील का, आपल्यापेक्षा चांगले जमले असतील का, असं मनात येत राहील. येऊ दे. तासभर बसून राहा तशीच. मी चाळीस वर्षं बसले.

तुझी
काडी